जाणीव, मीपणा आणि नेणीव : रोजच्या बैठकीत तिघांना कसं ओळखायचं

जेवताना नवरा सहज म्हणतो, “आज आमटीत मीठ कमी पडलंय का गं?” वाक्य संपायच्या आत माझ्या कानांच्या पाळ्या गरम होतात, जबडा आवळतो आणि तोंडून उत्तर निघून गेलेलं असतं, “मग उद्यापासून तुम्हीच करा!” मीठ खरंच कमी असतं. पहिला घास घेतल्यावर ते मलाही कळतं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्या दोन सेकंदांत या लेखाचा सगळा विषय आहे. पाळ्या गरम झाल्या हे जिला कळलं, ती जाणीव. ‘मला नावं ठेवली’ असं ज्यानं लावून घेतलं, तो मीपणा. आणि चिमूटभर मिठावरून एवढा भडका उडावा इतकं जे आत आधीपासून साठलेलं होतं, ती नेणीव. ध्यानाला बसणारे पुष्कळ जण या तिघांची गल्लत करतात आणि थेट ‘अहंकार मारायला’ निघतात. माझी पहिली तीन-चार वर्षं त्यातच गेली. अहंकार काही मरत नाही. मात्र तो वेळेवर दिसायला लागू शकतो, आणि दिसला की त्याची पकड सैल पडते. तो वेळेवर दिसावा म्हणून रोज काय करायचं, ते इथे पायरीपायरीनं सांगते.

आधी शब्द लावून घेऊ

सकाळी उठून आपण म्हणतो, “छान झोप लागली, काही कळलं नाही.” आपल्याकडच्या वेदान्त्यांनी या साध्या वाक्यावर फार विचार केला आहे. काहीच कळलं नाही, तर झोप छान लागली हे कुणाला कळलं? विचार नव्हते, स्वप्न नव्हतं, नाव-गाव नव्हतं, तरी ‘काही नव्हतं’ याची नोंद घेणारं काहीतरी होतं. जाणीव म्हणजे विचार नव्हे, हे लक्षात यायला हे एक उदाहरण पुरतं.

अंतःकरणाची चार कामं सांगितली जातात. ‘चहा घेऊ की नको’ असं घोळत राहतं ते मन. ‘घेऊ’ असं ठरवते ती बुद्धी. कालच्या चहाची चव जिथे ठसून राहते ते चित्त. आणि ‘मी चहा घेतला’ असं म्हणतो तो अहंकार. म्हणजे अहंकार हे एक काम आहे, घमेंड नव्हे. ते काम बंद पडलं तर सही करता येणार नाही, रस्ता ओलांडता येणार नाही. गडबड होते ती या कामगारालाच आपण मालक समजतो तेव्हा.

पतंजलींनी या घोटाळ्याला ‘अस्मिता’ म्हटलं आहे. आज आपण अस्मिता हा शब्द अभिमानानं वापरतो. भाषेची अस्मिता, प्रांताची अस्मिता. योगसूत्रांत मात्र तो पाच क्लेशांपैकी दुसरा आहे : अविद्या, अस्मिता, राग (इथे राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती), द्वेष, अभिनिवेश (जगण्याला चिकटून राहणं, मरणाची भीती). पाहणारा आणि पाहण्याचं साधन हे दोन्ही एकच वाटणं, ही तिथली त्याची व्याख्या. मला तर वाटतं, साधनेचं बहुतेक काम या एका व्याख्येत येऊन जातं.

राहिली नेणीव. फ्रॉइडनं अचेतन मनाची मांडणी केली तेव्हा भर दडपलेल्या इच्छांवर होता. योगशास्त्रातला ‘संस्कार’ त्याहून पसरट आहे. दडपलेलंच नव्हे, जे जे केलं, भोगलं, पुन्हा पुन्हा मनात आणलं, त्या सगळ्याचा ठसा राहतो आणि तो ठसा पुढच्या वृत्तीला, म्हणजे मनात उठणाऱ्या लहरीला, जन्म देतो. त्या वृत्तीतून पुन्हा ठसा. हे चाक कुठे थांबवता येतं, तर वृत्ती उठली आणि कृती व्हायची आहे, त्या मधल्या फटीत. ती फट रुंद करायची, एवढ्यासाठी आसनावर बसायचं.

पहिली पायरी : बैठक

यावर उगाच फार लिहिलं जातं. रोज एकच वेळ, एकच जागा, २० मिनिटं. घोंगडी किंवा चादर चौघडी करून तिच्यावर असं बसा की कंबर गुडघ्यांपेक्षा जरा वर राहील. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकवा, पाठ खुर्चीला टेकवू नका. फोन दुसऱ्या खोलीत. जेवणानंतर लगेच नको, झोप येते. कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, भंगारवाल्याची हाक यांच्यावर चिडू नका. ते आवाज चालू असताना बसायला शिकलात तर पुढे प्रवासातही बसता येईल.

दुसरी पायरी : श्वासावर मुक्काम

डोळे मिटा. नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वर जो छोटा त्रिकोण आहे, तिथे श्वासाचा स्पर्श कळतो का पाहा. आत जाताना किंचित गार, बाहेर येताना कोमट. श्वास लांबवू नका, मोजू नका, तो जसा येईल तसा येऊ द्या. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून जी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात, त्यांत पहिले तीन दिवस एवढंच करायचं असतं आणि चौथ्या दिवशी शरीरभरच्या संवेदनांकडे वळायचं असतं. रोज दहा तास बसणाऱ्यांना जिथे तीन दिवस लागतात, तिथे घरी वीस मिनिटं बसणाऱ्यानं या पायरीला निदान सहा आठवडे द्यावेत. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून लोक ती गाळतात, आणि मग पुढे आत काही उसळलं की त्यांना परत येऊन टेकायला जागाच नसते. श्वास ही ती जागा. नांगर न टाकता होडी खोल पाण्यात नेऊ नका.

मन भटकेल. भटकलं हे कळलं, तो क्षण चुकीचा नव्हे. जाणीव जागी झाली तो क्षण तोच. तिथे स्वतःला रागावू नका, ‘परत’ एवढं म्हणा आणि परत या.

तिसरी पायरी : वाक्य बदला

हा भाग मला सगळ्यांत जवळचा, कारण यात मराठी आपल्या मदतीला येते. एकाच प्रसंगावर तीन वाक्यं बघा. ‘मी रागावले.’ ‘मला राग आला.’ ‘राग आलाय.’

पहिल्यात मी आणि राग एकच. दुसऱ्यात राग हा कुठूनतरी आला, माझ्याकडे आला, पाहुण्यासारखा. आपल्या भाषेत भूक लागते, झोप येते, आठवण होते, भीती वाटते, रडू फुटतं. हे सगळं ‘मला’ होतं, ‘मी’ करत नाही. लहानपणापासून आपण हे बोलत आलो आणि त्यात काय दडलंय ते ऐकलंच नाही. तिसऱ्या वाक्यात ‘मला’ सुद्धा गळून पडतं. ढग आलेत म्हणावं तसं, राग आलाय.

बैठकीत करायचं ते असं. श्वासावर असताना एखादी भावना उठली की आधी मनात दुसरं वाक्य म्हणा : “मला काळजी वाटतेय.” दोन श्वास थांबा. मग तिसरं : “काळजी आहे.” आता ती शरीरात कुठे आहे ते शोधा. छातीच्या मधोमध? पोटात? घशाशी? तिला आकार आहे का, ती हलते का, वाढते का? कारण शोधू नका. ‘का’ विचारलंत की गोष्ट सुरू होते, आणि गोष्टीचा नायक ठरलेला असतो : मी.

एक सावधगिरी. तिसऱ्या वाक्यावर उडी मारू नका. आतून पेटलेलो असताना थंडपणे ‘राग आलाय’ म्हणणं हा राग झाकायचा प्रकार होतो. आधी ‘मला राग आला’ हे कबूल करायचं, त्याची धग सोसायची. सोसल्याशिवाय सुटत नाही.

चौथी पायरी : मीपणा कुठे लपतो

दोन-तीन महिन्यांनी बैठक बरी जमायला लागते. एखाद्या दिवशी मन खरंच शांत होतं, वेळ कसा गेला कळत नाही. आणि डोळे उघडायच्या आधीच आतून कुणीतरी म्हणतं, “आज काय छान ध्यान लागलं!” हा तोच. भगवी कफनी घालून आला आहे. दुसऱ्या दिवशी तो कालची शांती मागायला येतो, ती मिळत नाही, आणि बैठक मोडते.

त्याच्या जागा मी माझ्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. बसायला चुकलेल्या दिवसाबद्दल कुणाला सांगताना कारण द्यावंसं वाटतं, तिथे तो असतो. जाऊबाई जप करताना पेंगतात हे लक्षात येतं आणि बरं वाटतं, तिथे असतो. ‘मी आता रागावत नाही’ या वाक्यात तर तो मांडी घालून बसलेला असतो. नम्रतेतही सापडतो : “छे, मला काय येतंय,” असं म्हणून समोरच्यानं ‘नाही नाही’ म्हणावं याची वाट बघताना.

सापडला की काय करायचं? काहीही नाही. “मीपणा” असा एक शब्द मनात उच्चारायचा आणि श्वासावर यायचं. त्याला हाकलणाराही तोच असतो, हे एकदा बघितलंत की भांडण आपोआप बंद होतं.

पाचवी पायरी : तळातलं वर येतं तेव्हा

योगसूत्रांत क्लेशांच्या चार अवस्था सांगितल्या आहेत आणि ध्यानाला बसणाऱ्यानं त्या पाठच कराव्यात : प्रसुप्त, तनू, विच्छिन्न, उदार. प्रसुप्त म्हणजे बीजासारखा झोपलेला. तनू म्हणजे साधनेनं बारीक झालेला. विच्छिन्न म्हणजे मध्येच झाकला गेलेला. ऑफिसात हसतमुख असलेल्या माणसाचा राग घरी आल्यावर निघतो, तो दिवसभर विच्छिन्न होता. उदार म्हणजे उघडउघड काम करणारा. बैठकीत काय होतं, तर वरची वर्दळ थांबते आणि झोपलेलं, झाकलेलं वर यायला वाव मिळतो. म्हणून साधना सुरू केल्यावर ‘माझा राग वाढला’, ‘घाण घाण विचार येतात’, ‘उगाच रडू येतं’ अशी तक्रार लोक करतात. बहुतेक वेळा वाढलेलं काही नसतं. आतलं दिसायला लागलेलं असतं.

माझ्याबाबतीत आठव्या महिन्यात हे झालं. पहाटेची वेळ, श्वास अगदी बारीक झालेला, आणि एकाएकी निलगिरीच्या तेलाचा वास आला. घरात निलगिरी नव्हतीच. वासाबरोबर डाव्या खांद्यात ओझं, घशात आवंढा, आणि मग रडू. बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या छातीला मी निलगिरी चोळायची. ते जाऊन सात वर्षं झाली होती. मला वाटलं, राहिलेलं दुःख असेल. मी ते तसंच राहू दिलं, रोज थोडं थोडं. तिसऱ्या आठवड्यात कळलं, ते रडू दुःखाचं नव्हतंच, रागाचं होतं. रात्री जागायला मी होते, पण बँकेचे कागद समजावून सांगायला बाबांनी भावाला जवळ बोलावलं होतं आणि मला म्हणाले होते, “तू जरा चहा टाक.” मी चहा टाकला होता. तो आवंढा तेव्हाच गिळलेला.

मिठावरून भडका का उडायचा, ते मला त्या आठवड्यात समजलं. नवरा मिठाबद्दल बोलत होता आणि मी ऐकत होते, “तुझी किंमत चहापुरती.”

असं काही वर येईल तेव्हा त्याला खणू नका. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच आठवण काढून बसू नका, आणि जप जोरात करून तिला दाबूही नका. शरीरात जिथे ती आहे तिथे लक्ष ठेवा, दहा-बारा श्वास. सोसवेनासं झालं तर डोळे उघडा, पायांचे तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, पाणी प्या. त्या दिवसापुरती बैठक संपली. पळून गेलो असं वाटून घेऊ नका. नेणिवेतलं एका दिवसात बाहेर यायलाच हवं, ही घाईसुद्धा मीपणाचीच.

दिवे, रंग, घुमणारे आवाज, देवाचं दर्शन झाल्यासारखं वाटणं हेही येऊ शकतं. त्याला वेगळा मान देऊ नका. खांद्यातल्या ओझ्याला जी वागणूक, तीच प्रकाशालाही.

वही

रात्री तीन ओळी, जास्त नाही. आज कुठे टोचलं. शरीरात कुठे जाणवलं. त्या वेळी ‘मी’बद्दल कोणतं वाक्य आत उठलं. महिन्यानं मागची पानं चाळा. प्रसंग तीस असतील, आतलं वाक्य मात्र दोन किंवा तीनच सापडतील. ‘माझं कुणी ऐकत नाही.’ ‘मी कमी पडतोय.’ ‘मला गृहीत धरतात.’ ती दोन-तीन वाक्यं म्हणजे तुमच्या नेणिवेचा पत्ता. स्वप्नं आठवत असतील तर तीही लिहा, पण अर्थ लावत बसू नका. स्वप्नातला राग, भीती, लाज एवढंच टिपा.

कधी थांबायचं

हे मी अगदी स्पष्ट लिहिते, कारण आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही. सलग काही दिवस झोपच लागत नसेल, आवाज ऐकू येत असतील, आजूबाजूचं सगळं किंवा आपण स्वतः खोटे आहोत असं सतत वाटत असेल, आपण कुणी निवडलेले आहोत अशी खात्री व्हायला लागली असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल, तर ध्यान बंद करा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ‘टेली मानस’ ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. लहानपणी अत्याचार झालेला असेल, मोठा आघात सोसलेला असेल, तर डोळे मिटून एकट्यानं खोल जाऊ नका. समुपदेशकाच्या सोबतीनं, थोडं थोडं. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या ध्यानाच्या भरवशावर सोडू नका. विपश्यनेच्या केंद्रांवरही गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिराला न येण्याचा सल्ला देतात.

आणखी एक. गुरूला प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं की “हा तुझा अहंकार बोलतोय,” तर तिथून उठा. पैशांबद्दल विचारलं, अंगाला हात का लावला विचारलं, घरच्यांशी बोलू नको असं का सांगता विचारलं, आणि तेच उत्तर आलं, तर दुसऱ्यांदा विचारायलाही थांबू नका. अहंकार बघायचा तो आपला आपण. दुसऱ्याच्या हातात दिलेला हा शब्द म्हणजे आसूड होतो.

सहावी पायरी : घरातली कसोटी

बैठक कशी चालली आहे हे बैठकीत कळत नाही. पतंजलींच्या एका सूत्रात चार भाव सांगितले आहेत : सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, म्हणजे तटस्थपणा. यातली करुणा सोपी जाते, कारण करुणेत आपण वर असतो. अवघड आहे ती मैत्री आणि मुदिता. शेजारणीच्या मुलाला परदेशी नोकरी लागली, ती पेढे घेऊन आली. पेढा तोंडात टाकताना आत काय होतं ते बघा. अर्ध्या क्षणासाठी काहीतरी आक्रसतं. ते दिसलं, ‘असूया आहे’ असं म्हणता आलं आणि तरीही तिच्याकडे बघून मनापासून “वा!” म्हणता आलं, तर साधना चालू आहे.

आठवड्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी कुणी चूक दाखवली तर उत्तर द्यायच्या आधी एक पूर्ण श्वास. फक्त एक. आत, बाहेर, मग बोला. काय बोलायचं ते मी सांगत नाही. त्या एका श्वासात पाळ्या गरम झालेल्या कळतात, जबडा कळतो, आणि जुनं वाक्य उठताना ऐकू येतं.

सातवी पायरी : ‘मी आहे’

ही शेवटी ठेवली आहे आणि ती शेवटीच करावी, निदान वर्षभरानं. रमण महर्षी १८९६ साली मदुराईत सोळा वर्षांचे असताना मृत्यूच्या भयानं जमिनीवर आडवे झाले आणि मरतंय ते शरीर, मग मी कोण, हा शोध त्यांनी तिथल्या तिथे घेतला. आपल्या मुंबईत खेतवाडीत निसर्गदत्त महाराज राहायचे. विडीचं दुकान, घरच्या माळ्यावर मराठीतून निरूपण. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराजांनी त्यांना ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगितलं आणि ते तेच करत राहिले. १९८१ साली देह ठेवेपर्यंत ते येणाऱ्यालाही तिथेच नेत. ‘मी अमुक आहे’ याच्या अलीकडे, नुसतं ‘मी आहे’.

करायला सगळ्यांत सोपी वेळ म्हणजे सकाळी जाग येते तो क्षण. डोळे उघडू नका. झोप गेली आहे, पण नाव अजून आलेलं नाही, वय आलेलं नाही, आज कोणता वार तेही नाही. नुसतं असणं आहे. ते धरायला जाऊ नका, त्यात थांबा. मग एकेक गोष्ट येईल ती येताना बघा : आधी बहुतेक शरीर, कुशीचा भार, मग जागा, मग वार, मग राहिलेलं काम, आणि त्या कामाबरोबर ‘अरे बापरे, मला...’ असा तो उठेल, कपडे चढवून तयार. त्याला उठू द्या. दूध घ्यायला, डबा करायला तो लागणारच आहे. सुरुवातीला हे दोन-तीन सेकंदच टिकतं. रात्री झोपताना ‘उद्या जाग येईल तेव्हा बघायचं’ एवढं मनात म्हणून ठेवलंत, तर आठवड्यातून एखादा दिवस सापडतो. ज्या दिवशी सापडेल, त्या दिवशी वहीत फक्त तारखेपुढे एक टिंब द्या.